दादा, तुमचा एक्स-रे बरोबर होता

वाघमारे दादा,

परवा रविवारी तुमचा जलदान विधी झाला. नेरूळच्या विहाराचा हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. तुमच्या एक्स-रे सेंटरमधली मंडळी, गल्लीतले शेजारी, लातूरकडून आलेले तुमचे भाऊ, एकेक जण उठून बोलला. वाघमारेंची शिस्त, वाघमारेंचा शांत स्वभाव, वाघमारेंनी कधी कुणाला दुखावलं नाही. मग मी उठले. मी जे बोलले ते त्या हॉलच्या आधी तुमच्या कानावर पडायला हवं होतं. तशी संधी मला मिळाली होती. तुम्ही शुद्धीवर होतात, माझा हात तुमच्या पलंगाच्या कठड्यावर होता आणि खोलीत घाई करणारं कुणी नव्हतं.

मी ती संधी घालवली. म्हणून आता लिहितेय. तुम्ही हे वाचणार नाही, एवढं मला कळतं. तरी तुमच्याशी बोलल्याशिवाय हे सगळं मला नीट सांगताच येत नाही.

आपली ओळख भांडणानं झाली होती. सीवूड्सला मी नुकतं क्लिनिक टाकलं होतं. वाढत्या वयातल्या मुलींचा कणा कधी कधी बाजूला वाकत जातो, स्कोलिओसिस म्हणतात त्याला. तो बाक आणखी वाढू नये म्हणून काखेपासून कमरेखालपर्यंत येणारा प्लॅस्टिकचा ब्रेस घालावा लागतो, दिवसातले बहुतेक तास, काही वर्षं. माझं काम तो ब्रेस बसवण्याचं. ब्रेस तयार होतो लांबच्या वर्कशॉपमध्ये. तिथल्या माणसांना मुलगी कधी दिसत नाही. त्यांच्यासमोर असतो मी पाठवलेला एक्स-रे, दोन-चार फोटो आणि मापांचा कागद. तेवढ्यावरून ते प्लॅस्टिकला आकार देतात.

मी पहिलीच मुलगी तुमच्या सेंटरला पाठवली आणि दहा मिनिटांत तुमचा फोन आला.

"मॅडम, चिठ्ठीवर नुसतं स्पाइन लिहिलंय. उभं करून का झोपवून? पुढनं का मागनं? कुठपासून कुठपर्यंत?"

"नेहमीसारखा काढा ना," मी म्हणाले.

"नेहमीसारखा म्हंजे झोपवून, कमरेपुरता. त्याच्यावर ब्रेस बनवणार का तुमी?"

मला राग आला. दुपारी जेवायच्या सुट्टीत तावातावानं तुमच्याकडे आले. तुम्ही मला खुर्ची दिली आणि म्हणालात, बसा, आता एक पोरगी आहे, बघा. त्या मुलीला आईनं आतून गाऊन घालून आणलं. तुम्ही तिच्या चपला काढायला लावल्या, वेणी वर बांधायला सांगितली, गळ्यातली साखळी आईच्या हातात द्यायला लावली. दोन्ही पाय सारखे टेकलेत का, एखादा गुडघा दुमडलाय का, हे वाकून बघितलंत. हात खाली सोडू दिले नाहीत, बोटं खांद्यांवर टेकवायला लावलीत. मुलीनं पाठ ताठ केली, तशी तुम्ही मान हलवलीत.

"शाळेत प्रार्थनेला उभी राहतीस तशी नको. बसस्टॉपवर मैत्रिणीची वाट बघत उभी राहतीस ना, तशी राहा."

ती हसली आणि खांदे सैल पडले. खरा बाक दिसला तो त्या क्षणी. कानापासून खुब्यापर्यंत सगळं एका चौकटीत, एकाच वेळी. कडेला डावी बाजू सांगणारं शिशाचं इंग्रजी अक्षर एल, तुमचा मार्कर. ती गेल्यावर तुम्ही मला सांगितलंत, पोरगी आपल्यासमोर ताठ राहायला बघते, कारण तिला वाटतं ही परीक्षा आहे. तिनं परीक्षा दिली की आपण नापास.

त्या दुपारी मी तुमच्याकडून जेवढं शिकले तेवढं कोर्समध्ये शिकले नव्हते. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. ते सहज म्हणता आलं असतं.

नंतर तुम्हीच एकदा माझ्या क्लिनिकमध्ये येऊन मी फोटो कसे काढते ते बघून गेलात. मी फोन हातात धरून काढायचे. दुसऱ्या दिवशी येताना तुम्ही गवंड्याकडचा ओळंबा आणलात आणि भिंतीवर टांगलात, मुलीच्या पाठीमागची सरळ रेघ म्हणून. फोनसाठी स्टँड, तोही मुलीच्या कमरेच्या उंचीला. "हातात धरलात की तुमचाच खांदा उतरतो फोटोत," म्हणालात. घरून कुणी काढून पाठवलेल्या फोटोंचा तर तुम्हाला रागच होता. घरचा फोटो म्हंजे ऐकीव गोष्ट, असं तुम्ही म्हणायचात आणि मी हसायचे.

आपला एक वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मला एखादी फिल्म थोडी फिकी वाटली की मी म्हणायचे, पुन्हा काढा. तुम्ही काढत नव्हतात. वाढत्या पोरीच्या अंगातनं परत परत किरणं घालवायची नाहीत, एकदाच काढायचा पण नीट काढायचा, हे तुमचं म्हणणं. मी म्हणायचे, एकदा जास्त काढल्यानं काय होणार? तुम्ही म्हणायचात, तुमच्या पोरीचा असता तर? मला मुलगी नाही, हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही ते टोचून म्हणत नव्हतात हे मलाही माहीत होतं. तरी मी त्यावर दोन दिवस बोलायचे नाही. मग तुम्हीच फोन करायचात, काहीतरी फालतू कारण काढून.

आता साक्षीबद्दल.

साक्षी घणसोली गावात राहते, भाड्याच्या खोलीत. वडील मार्केटला माथाडी, साताऱ्याकडचे. ती पहिल्यांदा आली तेव्हा तेरा वर्षांची होती आणि पूर्ण वेळ रडत होती. पुढे वाकवून तिच्या पाठीचा उंचवटा मी मोजला, अंश लिहिले. कुठल्या बाजूला, तो रकाना भरायचा राहिला. फोटोसाठी ती उभी राहीना. बाहेर चार पेशंट बसले होते. मी आईला म्हणाले, घरी काढा आणि मला पाठवा. ओळंबा भिंतीवर होता, स्टँड कोपऱ्यात होता. दहा मिनिटं थांबले असते तर तिनं काढू दिला असता.

तीन दिवसांनी तिच्या आईच्या फोनवरून फोटो आला. तुमचा एक्स-रे आलेलाच होता. दोन्ही शेजारी ठेवले आणि दिसलं की जुळत नाहीत. तुमच्या फिल्मवर बाक उजवीकडे, फोटोत उंचवटा डावीकडे. मी तुम्हाला फोन लावला.

"दादा, साक्षी पवारच्या फिल्मवर मार्कर उलट बाजूला लागलाय का?"

"न्हाई मॅडम. मार्कर मी स्वतः लावतो. मार्करवर भरवसा नसंल तर काळजाची सावली बघा, ती डाव्या अंगालाच असती."

"फोटोत उलटं दिसतंय."

"फोटो कुणी काढला?"

"घरून आलाय."

"मग पोरीला परत बोलवा. एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा आणि मगच पाठवा."

मी बघते म्हणाले. वर्कशॉपला त्याच दिवशी पाठवायचं होतं, नाहीतर पुढच्या आठवड्यावर गेलं असतं. मी सावली बघितली नाही, मुलीला बोलावलं नाही. तुमची फिल्म संगणकावर आरशासारखी फिरवली, फोटोशी जुळवली आणि तुमच्या मार्करमुळे वर्कशॉपचा गोंधळ नको म्हणून मार्करची कडाच कापून टाकली. तुमच्या हातानं लावलेलं शिशाचं अक्षर मी कापलं, दादा. आणि तीच फाइल त्या मुलीच्या नावानं ठेवून दिली.

तीन आठवड्यांनी ब्रेस आला. साक्षीनं तोपर्यंत मनाची तयारी केली होती. मैत्रिणींना सांगितलं होतं, शाळेच्या ड्रेसखाली कसा बसेल ते बघून ठेवलं होतं. मी ब्रेस चढवला, पट्टे आवळले, ती कळवळली. जिथे दाब हवा तिथे पोकळी आणि जिथे मोकळी जागा हवी तिथे दाब. तिला पाठमोरी उभी केली तेव्हा उंचवटा स्पष्ट दिसत होता. उजवीकडे.

तिचे वडील शेजारीच उभे होते. कामावरून खाडा करून आले होते. "मॅडम, ह्ये असं कसं झालं वो?" त्यांनी विचारलं.

मी फाइल उघडली. पडद्यावर माझीच फिरवलेली फिल्म होती. आणि मी म्हणाले, "एक्स-रे उलटा आलाय."

ती फिल्म मीच फिरवली होती हे मला त्या क्षणी आठवलं का? तुम्ही गेल्यावर वहिनींना मी आधी सांगितलं की आठवलं नव्हतं. मग मी ते बदललं. खरं असं, की अर्धवट आठवलं होतं आणि मी ते पुरतं आठवू दिलं नाही. समोर चिडलेला बाप होता, रडणारी मुलगी होती आणि तुम्ही तिथे नव्हतात.

त्या संध्याकाळी पाकिटातली मूळ सीडी लावली. एल डावीकडे होता. काळजाची सावली डावीकडे होती. मग फोटो मोठा करून बघितला. साक्षीच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यातले आकडे उलटे होते. नंतर कळलं, आईलाही काढू द्यायला लाजली होती पोरगी. फोन मांडणीवर उभा करून, समोरच्या कॅमेऱ्यात आपली जागा बघून, टायमर लावून आणि मग पाठ फिरवून तिनं एकटीनं तो काढला होता. तो फोन तसे फोटो आरशातल्यासारखेच ठेवतो. ते कॅलेंडर पहिल्या दिवसापासून त्या फोटोत होतं.

तोवर साक्षीचे वडील तुमच्या सेंटरला पोचले होते. काउंटरसमोर, दहा-बारा पेशंटसमोर ते तुम्हाला काय काय बोलले ते मला दुसऱ्या दिवशी रिसेप्शनिस्टनं सांगितलं. तुम्ही उलट उत्तर दिलं नाहीत. एवढंच म्हणालात, मी मार्कर चुकवत नाही. सेंटरच्या मालकांनी मला फोन करून विचारलं, नक्की काय झालं? मी म्हणाले, मी बघून सांगते. बघून झालेलं होतं. आठवड्याभरात त्यांनी तुम्हाला कळंबोलीच्या शाखेत पाठवलं. तिथे दिवसभर ट्रकवाल्यांचे आणि लोखंड उचलणाऱ्यांचे चेमटलेले हात-पाय. कणे उभे करून बघायचं काम तुमच्याकडून गेलं.

कळंबोलीहून तुम्ही मला एकदा फोन केलात.

"मॅडम, ती सीडी एकदा नीट बघता का? मला आपलं कळायला पायजे."

"बघते दादा, जरा गडबडीत आहे."

त्यानंतर तुम्ही विचारलं नाहीत. मी साक्षीला पुन्हा बोलावलं, ओळंब्यासमोर उभी केली, स्वतः फोटो काढले, तुमच्या मूळ फिल्मवरून वर्कशॉपकडून दुसरा ब्रेस करून घेतला. तो छान बसला. ब्रेस घालून काढलेल्या एक्स-रेमध्ये बाक चांगला उतरलेला दिसला. तिची आई मला पेढे देऊन गेली. मी ते घेतले. रोज वाटायचं, आता सांगायला हवं. रोज एक नवं कारण मिळायचं. क्लिनिक नवं आहे, लोक येणार नाहीत. प्रकरण थंड झालंय, उगाच कशाला. दादा मोठ्या मनाचे आहेत. हे शेवटचं कारण मला सगळ्यात सोयीचं पडलं. असे चार महिने गेले.

मग तुम्हाला डेंग्यू झाल्याचं कळलं. गुरुवारी दुपारी मी दवाखान्यात आले. येताना सगळं ठरवून आले होते, वाक्यंसुद्धा. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तुमचा चेहरा उतरला होता, पण मला बघून तुम्ही उठून बसायला लागलात. मी नको म्हणाले. प्लेटलेटबद्दल बोललो, पपईच्या पानांच्या रसाबद्दल बोललो. तो किती कडू लागतो ते तुम्ही तोंड करून दाखवलंत. मग तुम्ही विचारलंत, "ती पोरगी, साक्षी. तिचा ब्रेस बसला का?"

"बसला दादा. छान बसला."

"झालं मग." तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "मॅडम, त्या दिवशी माझ्याच हातनं चुकलं असंल. वय झालं आता. तुमाला त्रास झाला, पोरीला झाला. मनात ठेवू नका."

आणि मी म्हणाले, "जाऊ द्या दादा. होतं असं कधी कधी."

मी तुम्हाला माफ केलं. माझ्या चुकीसाठी मी तुम्हाला माफ केलं आणि तुम्ही मान हलवून ती माफी घेतलीत. वहिनी वर आल्या, मी उठले, म्हणाले रविवारी परत येते. शनिवारी सकाळी तुमच्या मुलीचा मेसेज आला.

पाचव्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या, मीही खाली बसले. सगळं सांगितलं. एक्स-रे, फोटो, कापलेली कडा, दवाखान्यातलं माझं ते वाक्य. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. झाल्यावर बराच वेळ पदराची कड बोटाला गुंडाळत राहिल्या.

"चार महिने एकच विचारायचे मला," त्या म्हणाल्या. "मी कुठं चुकलो गं? कळंबोलीला जाताना खिशात दोन-दोन मार्कर न्यायचे. पोरांच्या हाताचा फोटू काढायचा तरी तीनदा बघायचे, हा डावाच का. मला म्हणायचे, माझ्यावरचा माझाच भरवसा गेला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गुरुवारी तुमी गेल्यावर त्यांना मी पेज भरवाय बसले. नको म्हणले. तुमी खरं सांगितलं असतं, तर त्या दिवशी दोन घास खाल्ले असते त्यांनी."

त्या रडल्या नाहीत. मला रडायचा हक्क नव्हता, तरी मी रडले. त्यांनी ते बघितलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "माझ्याकडं बोलून उपयोग न्हाई," म्हणाल्या. "रविवारी या. सगळे चांगलं चांगलं बोलतील. तुमी हे बोला. आणि ज्यांनी ज्यांनी ऐकलं की वाघमारेंनी चूक केली, त्यांना बोलवून आणा."

मी सेंटरच्या मालकांना फोन केला. घणसोलीला साक्षीच्या घरी गेले आणि दारातच तिच्या वडलांना म्हणाले, तुम्ही रविवारी यायला हवं, कारण मी तुमच्याशी खोटं बोललेय. ते आले. साक्षी आणि तिची आईही आल्या.

हॉलमध्ये मी काय बोलले त्यातलं तुम्हाला आता सगळं माहीत आहे. मी म्हणाले, वाघमारे दादांचा एक्स-रे बरोबर होता, मार्कर बरोबर होता आणि त्यांनी मला सावध केलं होतं. मी ऐकलं नाही, चूक लपवली आणि त्यांच्यावर ढकलली. ते गेले तेव्हा आपलीच चूक झाली असं समजून गेले. मागे कुणाची तरी खुर्ची सरकली. तुमचे मोठे भाऊ मान खाली घालून बसले होते, ते उठून बाहेर गेले आणि परत आले नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते.

नंतर मालक मला म्हणाले, हे आधी सांगायला हवं होतं. मी हो म्हणाले. साक्षीचे वडील वहिनींसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. "लई बोललो वो मी साहेबांना त्या दिवशी. चार मानसांत बोललो." वहिनींनी त्यांना बसायला सांगितलं. माझ्याशी वहिनी त्या दिवशी एवढंच बोलल्या, जेवून जा. मी जेवले. पान टाकून उठायची माझी हिंमत झाली नाही.

निघताना चपला घालत होते, तेव्हा साक्षी माझ्यामागे आली. पांढऱ्या कुर्त्याखाली ब्रेसची कड दिसत होती. चेहरा पडला होता. मला वाटलं दुखतंय.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या फोटोमुळं झालं ना हे सगळं?"

दादा, मी त्या पायरीवर खाली बसले आणि तिलाही बसवलं. बाहेरचे लोक आमच्या बाजूनं जात होते, कुणी माझ्याकडे बघत होतं, कुणी बघायचं टाळत होतं. मी तिला म्हणाले, "नाही. तू घाबरली होतीस, तरी एकटीनं फोटो काढून पाठवलास. तुझं काम तू केलंस. दादांचं काम दादांनी केलं. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. यात तुझं काहीही नाही, साक्षी."

तिनं मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणाले. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मला समोर दिसलं. एवढंसं बोलायला लागतं, एक मिनिटही लागलं नाही.

गुरुवारी माझ्याकडे दहा मिनिटं होती.